प्याद्याचे घर आणि एल्फचे कुळ : नियम बदलला की वेगळेपण कुठे जाते?

१/
आपल्यापैकी जे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतात, त्यांच्या टेबलावर एक वाद ठरलेला असतो. नव्या नियमांनी एल्फ, ड्वार्फ, हाफलिंग हे सारे एकाच साच्यातले करून टाकले का? कुणालाही काहीही होता येत असेल, तर एल्फ असण्याला अर्थ काय उरला? वाद खेळातला आहे, पण प्रश्न इतिहासाचा आहे. त्याचे एक चांगले उत्तर आपल्याच घरातल्या बुद्धिबळाच्या पटावर सापडते. त्यासाठी हा दीर्घ धागा.

२/
आधी मूळ प्रकरण पाहू. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ मध्ये हा खेळ प्रसिद्ध केला. खेळाडूने एक पात्र घ्यायचे, त्याचा वंश ठरवायचा, व्यवसाय ठरवायचा आणि साहसावर निघायचे. अनुभव वाढत जाईल तशी पात्राची पातळी चढत जाते.

३/
त्या पहिल्या नियमांत वंश म्हणजे कुंपण होते. ड्वार्फला योद्धाच व्हावे लागे आणि तेही सहाव्या पातळीपर्यंतच. हाफलिंगची मजल चौथ्या पातळीवर संपे. माणसाला मात्र अशी मर्यादा नव्हती. १९८१ च्या ‘बेसिक’ संचात तर ‘एल्फ’ हाच एक व्यवसाय होता. एल्फ जन्मला म्हणजे तो काय करणार हे ठरलेच.

४/
२००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही कुंपणे काढली. कोणत्याही वंशाला कोणताही व्यवसाय खुला झाला. गुणांची जन्मजात वाढ मात्र राहिली. २०१४ च्या नियमांतही ड्वार्फच्या दणकटपणात दोन गुणांची भर पडे, एल्फच्या चापल्यात दोन गुणांची. २०२० मध्ये ‘ताशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकाने ही भर हवी तिथे घालण्याची मुभा दिली. २०२४ मध्ये ती वंशापासून पूर्ण तोडून पात्राच्या पूर्वायुष्याशी जोडली गेली आणि ‘रेस’ हा शब्दही गेला. त्याच्या जागी ‘स्पीशीज’ आला.

५/
एक पक्ष म्हणतो, वंशांचा स्वाद गेला. आता ते केवळ वेगवेगळे मुखवटे आहेत. दुसरा पक्ष म्हणतो, जन्मावरून बुद्धी आणि बळ ठरवणारा नियम मुळातच सडका होता. माझ्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते एकाच गोष्टीबद्दल बोलत नाहीत. हा गुंता सोडवायचा तर जिथे अशीच नियमांची उलथापालथ कित्येक शतके चालली, असा खेळ पाहायला हवा.

६/
बुद्धिबळाचे जुने नाव चतुरंग. हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ ही सेनेची चार अंगे. हे चार ‘वंश’ म्हणा. त्यांचे वेगळेपण कशात होते? आकारात? नावात? इतिहास सांगतो, दोन्हींत नाही.

७/
हत्तीचेच पाहा. इ.स. १०३० च्या सुमारास अल् बिरुनीने हिंदुस्थानातील खेळाचे वर्णन केले आहे. त्यात हत्ती एक घर पुढे किंवा चारांपैकी कोणत्याही तिरक्या दिशेला एक घर जातो. ही पाच घरे म्हणजे हत्तीची सोंड आणि चार पाय, असा खुलासाही तो देतो. अरब आणि इराणी ‘शतरंज’मध्ये हाच हत्ती तिरकस उडी मारून दुसऱ्या घरावर जाई. तिथे त्याला पटावरील ६४ पैकी फक्त ८ घरे गाठता येत. चारही हत्तींची मिळून ३२ घरे, आणि एकाचे घर दुसऱ्याच्या वाट्याला कधीच येत नसे.

८/
आज मराठीत ‘हत्ती’ कोण? कोपऱ्यात उभा असलेला आणि सरळ रेषेत धावणारा. ती चाल मूळ रथाची. तिरका जाणारा तो आपल्याकडे उंट. बंगालीत कोपऱ्यातल्या मोहऱ्याला नौका म्हणतात आणि तिरका जातो तो गज. रशियनांचेही तसेच, कोपऱ्यात नाव आणि तिरका हत्ती. दुकानात मिळणाऱ्या संचातला आपला हत्ती तर दिसायला बुरूज असतो, कारण तो आकार १८४९ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आलेल्या स्टाँटन संचाचा आहे.

९/
म्हणजे नाव फिरते, रूप फिरते. बुरुजाला आपण बिनदिक्कत हत्ती म्हणतो आणि डाव अडत नाही. मोहऱ्याची ओळख त्याच्या चालीत असते, चाल नियमात असते. म्हणून नियम बदलणे ही मोहऱ्याच्या दृष्टीने किरकोळ बाब नव्हे. तो त्याचा पुनर्जन्मच होय.

१०/
असा सर्वांत गाजलेला पुनर्जन्म वजिराचा. जुन्या खेळात वजीर तिरके एक घर सरके. राजाच्या पायाशी घुटमळणारा दुबळा सल्लागारच तो. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि इटलीत नियम बदलले आणि हाच मोहरा पटावरचा सर्वांत बलाढ्य झाला. रिकाम्या पटाच्या मध्यातून त्याला २७ घरे खुली असतात. त्याच वेळी तिरक्या मोहऱ्यालाही लांब धाव मिळाली. राजा, घोडा आणि कोपऱ्यातला मोहरा यांच्या मूळ चाली मात्र तशाच राहिल्या.

११/
आता आपल्या मुलखात येऊ. मराठी मुलखातले देशी बुद्धिबळ आजच्या आंतरराष्ट्रीय खेळाहून बरेच वेगळे होते. प्यादे बहुधा पहिल्या खेळीतही एकच घर जाई. कॅसलिंग नव्हते, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी घेता येई. एकटा राजा उरला की डाव बहुतेक ठिकाणी बरोबरीत सुटे. मातेतही प्रतवारी होती आणि ‘प्यादेमात’ सर्वांत मानाची. बड्या मोहऱ्याने राजा कोंडण्यापेक्षा यःकश्चित प्याद्याने शेवटचा घाव घालणे हे कौशल्य मानले जाई.

१२/
आपल्या प्रश्नासाठी सर्वांत मोलाचा नियम प्याद्याच्या बढतीचा. शेवटच्या रांगेत पोहोचलेले प्यादे हवे ते होऊ शकत नसे. ते ज्या उभ्या पट्टीत पोहोचले, त्या पट्टीच्या मूळ धन्याचे पद त्याला मिळे. हत्तीच्या पट्टीत गेले तर हत्ती, घोड्याच्या पट्टीत गेले तर घोडा, उंटाच्या पट्टीत गेले तर उंट. मधल्या दोन पट्ट्यांत, म्हणजे राजाच्या आणि वजिराच्या, वजीर. काही ठिकाणी तर तो मोहरा आधी मारला गेलेला असेल तरच बढती मिळे.

१३/
याचा परिणाम पाहा. आठही प्यादी दिसायला सारखी, चालायला सारखी, पण भवितव्य निरनिराळे. दोन हत्तीची, दोन घोड्याची, दोन उंटाची आणि दोन वजिराची. शिवाय प्यादे मारताना तिरके जाते, म्हणजे पट्टी बदलते. प्रत्येक मारामारीत त्याचे भवितव्यही बदलते. उंटाच्या प्याद्याने बाजूच्या वजिराच्या पट्टीत मारले की त्याचे नशीब उजळले. उलट दिशेला मारले की त्याच्या वाट्याला घोडेपद. खेळाडूला हा हिशेब डावाच्या आरंभापासून ठेवावा लागे.

१४/
प्याद्याला अशी स्वतंत्र ओळख देण्याची ओढ इतरत्रही दिसते. इ.स. १३०० च्या सुमारास इटलीतील याकोबुस दे केसोलिस या धर्मोपदेशकाने बुद्धिबळावरून समाजनीती सांगणारा ग्रंथ लिहिला. त्यात आठ प्याद्यांना त्याने आठ व्यवसाय वाटून दिले. शेतकरी, लोहार, व्यापारी, वैद्य, खानावळवाला अशी ती मंडळी. फरक इतकाच की त्याच्या ग्रंथातला शेतकरी आणि वैद्य पटावर अगदी सारखेच खेळत. वेगळेपण गोष्टीत होते, नियमात नव्हते. आपल्याकडे ते नियमात होते.

१५/
मग युरोपीय नियम आले. १८१४ मध्येच मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत छापले गेले. मूळ संस्कृत, पण युरोपीय पद्धतीच्या खेळाशी जुळवून घेतलेले, आणि तसे त्याच्या शीर्षकातच नमूद होते. दोन्ही पद्धती पुढे शतकभराहून अधिक काळ शेजारी शेजारी नांदल्या. सांगलीत १९४१ मध्ये भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ आला. १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे हे डी. वेंकय्यांसह संयुक्त विजेते ठरले. स्पर्धेचा खेळ आता आंतरराष्ट्रीय नियमांचा होता.

१६/
नव्या नियमाने प्याद्याला पूर्ण मोकळीक दिली. शेवटच्या रांगेत पोहोच आणि हवे ते हो. या मोकळिकीचे फलित काय? जवळजवळ प्रत्येक प्यादे वजीर होते. निवड चार मोहऱ्यांची, उत्तर एकच. हत्तीचे प्यादे, घोड्याचे प्यादे ही नावे आपण अजून वापरतो, पण ती आता पत्ते आहेत, भवितव्ये नव्हेत. ‘सगळे सारखे झाले’ म्हणणाऱ्या खेळाडूची तक्रार नेमकी हीच आहे, आणि पटावर ती खरी ठरली आहे.

१७/
तरीही एक अपवाद उरतो, आणि सारे मर्म तिथे आहे. क्वचित जाणता खेळाडू वजीर नाकारतो आणि प्याद्याचा घोडा करतो. असे का? वजिराच्या ठायी हत्तीची सरळ चाल आणि उंटाची तिरकी चाल दोन्ही असतात. त्यामुळे वजीर मिळत असताना हत्ती किंवा उंट मागण्याचे कारण फार विरळा. पण घोड्याची उडी वजिराकडे नाही. ती पटावर दुसऱ्या कुणाकडेच नाही.

१८/
म्हणून मोकळ्या निवडीच्या बाजारातही घोडा टिकला. उंट आणि घोडा या दोघांची किंमत साधारण तीन प्याद्यांइतकी धरतात. बळ सारखेच, वाटा मात्र अगदी निराळ्या. उंट क्षणात पटाच्या या टोकाहून त्या टोकाला जातो, पण जन्मभर एकाच रंगाच्या ३२ घरांत अडकलेला. घोडा हळू, पण ६४ ही घरे त्याची.

१९/
यावरून मी काढलेले सूत्र असे. वेगळेपण दोन तऱ्हेचे असते. एक मापाचे : हा अधिक बलवान, तो अधिक चपळ. दुसरे वाटेचे : हा असा जातो, तो तसा जातो. नियम सैल झाले की मापाचे वेगळेपण वितळते, कारण जो तो मोठे माप उचलतो. वाटेचे वेगळेपण मात्र टिकते, कारण त्याला पर्याय नसतो.

२०/
हे सूत्र टेबलावर लावून पाहा. ड्वार्फच्या दणकटपणात दोन गुणांची भर हे माप होते. ती भर हलवता येऊ लागली आणि तेवढा फरक विरला. पण ड्रॅगनबॉर्नच्या श्वासातून निघणारी आग हे माप नाही, ती वाट आहे. कुणाला कितीही गुण द्या, तो आग ओकणार नाही. ज्या वंशाला नियमांनी अशी स्वतःची उडी दिली, तो वेगळाच राहतो. ज्याला केवळ अधिकउणे आकडे दिले होते, तो मुखवटा ठरतो. दोष मोकळिकीचा कमी आणि आधीच्या आळशी रचनेचा जास्त.

२१/
मग जन्माची मापे काढण्याची एवढी निकड का वाटली? इथे खेळ सोडून जरा इतिहासाकडे वळावे लागते. जन्मावरून शौर्याची मापे छापणारी पुस्तके प्रत्यक्षात होती, आणि ती आपल्याबद्दल होती. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या काळात, १८८५ ते १८९३ मध्ये, ब्रिटिश हिंदी लष्करात ‘लढवय्या जमातीं’चा सिद्धांत बळावला. कोणती जात शूर, कोणती नाही, हे अधिकाऱ्यांसाठीच्या भरती हस्तपुस्तिकांत वर्णिले जाई. मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावरची आर. एम. बेथम यांची अशीच पुस्तिका १९०८ ची आहे.

२२/
या नियमाचा घाव महार समाजावर बसला. १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव येथे लढलेल्या, मुंबई लष्करात पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या या समाजाची भरती १८९० च्या दशकाच्या आरंभी बंद झाली. माणसे तीच होती, हातातली बंदूक तीच होती, फक्त पुस्तकातला नियम बदलला. महाडजवळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज लिहिला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा दाद मागितली.

२३/
पहिल्या महायुद्धात माणसांची गरज पडली, तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ मध्ये बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. गरज असली की शूर, गरज सरली की नाही. शौर्य रक्तात असते तर ते असे सरकारी हुकमाने येत-जात राहिले नसते. हस्तपुस्तिका स्वभावाचे वर्णन करत असल्याचा आव आणत होती. प्रत्यक्षात ती स्वभाव ठरवत होती आणि त्यावर भाकरीचा व मानाचा हिशेब करत होती.

२४/
खुद्द बुद्धिबळातही अशी एक भिंत होती, मोहऱ्यांमधली नव्हे तर खेळाडूंमधली. १९७६ मध्ये मुंबईची १३ वर्षांची रोहिणी खाडिलकर राष्ट्रीय पुरुष स्पर्धेत उतरली. वादळ उठले, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी निर्वाळा दिला की राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. पुढे १९८१ मध्ये तीच रोहिणी आशियाई महिला विजेती झाली.

२५/
ही भिंत पडल्याने खेळाचा स्वाद गेला का? उंट तिरकाच चालला, घोडा उडीच मारत राहिला. मोहऱ्यांमधला भेद हा खेळाचा प्राण आहे. खेळाडूंमधला जन्मजात भेद हा खेळाला लागलेला रोग होता. ‘रेस’ या शब्दाभोवतीच्या वादात हे दोन भेद एकमेकांत मिसळले आहेत. एल्फ हा मोहरा आहे की माणूस? खेळाडू त्याच्यात जीव ओततो, त्याला नाव देतो, त्याच्या तोंडून बोलतो; म्हणून तो थोडा थोडा दोन्ही आहे. त्याची चाल निराळी असू द्यावी. त्याची लायकी जन्माने मोजू नये.

२६/
एक शेवटचा पुरावा, जुन्या नियमांच्या चाहत्यांना दिलासा म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात महेशचंद्र बंडोपाध्याय हे जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी युरोपीय नियमांनी खेळत. पण हात देशी पटावर घडलेला. प्यादी सावकाश एकेक घर पुढे, उंट कडेच्या घरात दबा धरून. त्या शैलीवरून ‘इंडियन डिफेन्स’ हे नाव रूढ झाले. पंजाबच्या सुलतान खान यांनीही देशी नियम शिकून मग १९२६ च्या सुमारास युरोपीय नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले.

२७/
देशी नियम स्पर्धेतून गेले, पण त्यांनी घडवलेली सवय जगाच्या पटावर नाव कमावून बसली. नियम बदलला म्हणजे वेगळेपण मेलेच असे नाही. ते खेळणाऱ्याच्या हातात उतरून दुसऱ्या पटावर जाऊ शकते. मात्र जे कुणी जपले नाही, ते जाते. हत्तीच्या प्याद्याचे हत्तीपण तसेच गेले.

२८/
म्हणून एक विनंती. आपल्या घरी आजोबा, पणजोबा, मावशी, आत्या देशी पद्धतीने बुद्धिबळ खेळत असतील, तर त्यांना बसवून नियम विचारा. प्यादे कोणत्या पट्टीत काय होई? राजाची उडी कधी चाले? एकटा राजा उरला की काय ठरे? गाव आणि साल यांसह खाली लिहा. गावागणिक नियम निराळे होते. ते निराळेपण आता फक्त आठवणीत आहे, आणि आठवणीला शेवटच्या रांगेत बढती मिळत नाही.

(धागा समाप्त)